शेवटचं कडवं कापू नका

प्रति,
गावोगावच्या आंबेडकर जयंती उत्सव समित्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि स्टेजच्या कडेला उभं राहून मनगटावरचं घड्याळ दाखवणारे तमाम कार्यकर्ते,

सप्रेम जयभीम.

मी तुमच्यातलाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवण्यात नोकरी सरली आणि २७ वर्षं झाली, सिन्नर, निफाड, येवल्याकडच्या जयंतीच्या कार्यक्रमांत निवेदन करतोय. खिशात दोन पेनं, हातात डायरी, गालात खडीसाखर, एवढाच माझा सरंजाम. तेव्हा हे पत्र म्हणजे बाहेरच्या माणसानं काढलेली खोडी समजू नका. ज्या गोष्टीची तक्रार करणार आहे ती मी स्वतः केली आहे, आणि एकदा नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गाव सांगत नाही, समिती सांगत नाही, दोघांचंही मी जेवलोय. कार्यक्रमाला एक म्हातारे कवी-गायक बोलावले होते. स्वतः लिहिणारे, स्वतःच गाणारे. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणतो. कवीचं नाव गाळल्याची तक्रार करायची आणि त्याच पत्रात त्यांचं नाव गाळायचं, हे मलाही खटकतंय, पण मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गान्यात घ्या गुरुजी, भांडनात नको."

वय ७८. दुपारी दोनच्या एसटीनं एकटेच उतरले. खांद्याला शबनम. पेटी आणली नव्हती, आता उचलवत नाही. समितीनं उतरायला शाळेची खोली दिली होती: सतरंजी, माठ आणि मध्येच थांबणारा पंखा. संध्याकाळपर्यंत मला काही काम नव्हतं म्हणून त्यांच्याजवळ बसलो. त्या चार तासांत जे ऐकलं ते २७ वर्षांत कुठल्याच स्टेजवरून माझ्या कानावर आलं नव्हतं.

शबनममधून वही निघाली. वही कसली, साखर कारखान्यातलं जुनं रजिस्टर, लाल कापडी पुठ्ठ्याचं. नाना कारखान्यात वजनकाट्यावर होते. "दिवसा गाड्या तोलायच्या, रातच्याला मात्रा," असं म्हणून हसले. पानांवर टनाक्विंटलचे रकाने छापलेले आणि त्या रकान्यांवरून निळ्या शाईत गाणी. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर तारीख, गाव आणि चाल. चाल म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या वर्षी गाजलेल्या एखाद्या सिनेमातल्या गाण्याची सुरुवात. उसन्या चालींवरून शहाण्या लोकांनी आमच्या शाहिरांपुढं बरंच नाक मुरडलंय. नानांचं म्हणणं असं, की मागं झील धरणारी, म्हणजे ध्रुवपद उचलून धरणारी पोरं दिवसभर रानात राबून यायची, तालमीला वेळ कुणाकडं होता? चाल ओळखीची असली की शब्द लगेच गळ्यात बसतात, आणि लोकांपर्यंत न्यायचे होते ते शब्दच. समीक्षकांचं मी बरंच वाचलंय, पण हे जास्त पटलं.

एक गाणं रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं, डकवलेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर असताना मस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवलेलं. कोपऱ्यात डाग होता. नाना म्हणाले, सुकडीचा, दुष्काळात वाटायचे त्या खाण्याचा. असेलही, चहाचाही असू शकेल. ते त्या डागावरून बोट फिरवत तेव्हाच्या एकेका माणसाबद्दल सांगत होते: ढोलकीवाला कोण होता, तो पुढं मुंबईला गिरणीत कसा गेला, संपानंतर कसा परत आला, आणि परत आल्यावर त्याचा हात कसा जड झाला होता. गाण्यांपेक्षा साथीदारांबद्दल जास्त बोलले. आवाजाच्या पट्टीबद्दल विचारलं तर म्हणाले, "पयले काळी चारात गायचो. आता काळी दोन. त्याच्या वर गेलो का खोकलाच झील धरतो."

१९८० च्या पुढं कॅसेटचा जमाना आला, तेव्हा एका कंपनीनं त्यांची सहा गाणी घेतली. गाण्यामागं पन्नास रुपये आणि कोऱ्या कागदावर सही. त्यातलं एक गाणं असं गाजलं की टपरीवर, ट्रॅक्टरवर, बारशाला, सगळीकडं तेच. "भाच्याच्या वरातीत बँडवाल्यानं माझंच गानं लावलं," नाना म्हणाले, "आन् मलाच म्हनला, बाबा, बाजूला सरका."

मग रात्रीची गाणी ठरवायला बसले. तीन गाणी गायची होती आणि ती निवडायला त्यांनी पाऊण तास घेतला. तिसरं नवीन होतं, नातीवर. नात पोलीस भरतीत निवडली गेली. दोरीवरचे कपडे वाळायच्या आत पोरगी पळून कशी यायची, असं काहीसं त्या गाण्यात आहे. मला त्यांनी शेवटचं कडवं वाचून दाखवलं. "सगळ्या गान्यांत शेवटाला माझं नाव हाय. ह्यात पयल्यांदा माझ्या नावाशेजारी तिचं नाव बसवलंय. मात्रा जुळाया तीन महिने गेले."

आता रात्र. कार्यक्रमाची वेळ सातची. प्रमुख पाहुणे आले पावणेनऊला. त्रिसरण-पंचशील झालं, मग सत्कार. शाल, पुष्पगुच्छ, संविधानाच्या उद्देशिकेची फ्रेम. ज्यांचा झाला त्यांचा झाला, ज्यांचा राहिला त्यांच्या नावांची चिठ्ठी आली, मग त्यांचाही झाला. भाषण. नाना स्टेजवर बसले तेव्हा नऊ पंचवीस झाले होते. पेटीवरच्या पोरानं सवयीनं काळी चार धरली. नाना म्हणाले, "दोन घे बाळा." पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, नातीचं सुरू झालं. बाया पुढं सरकल्या. आणि माझ्या हातात चिठ्ठी आली. देणगीच्या पावतीपुस्तकातली पावती, तिच्या मागं लिहिलेलं: आवरा. ९.५०. देणगीदार राहिलेत.

मी उठलो. माईक टाळून त्यांच्या कानाशी म्हणालो, "नाना, शेवटचं कडवं राहू द्या."

त्यांनी डोळे मिटले, ध्रुवपद एकदा घोळवलं आणि हात जोडले. टाळ्या पडल्या. मी माईक घेतला आणि देणगीदारांची यादी वाचली. ५०१ रुपयांपासून ५१ रुपयांपर्यंत, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं नीट. मंडपवाल्याचं नाव घेतलं, साउंडवाल्याचं घेतलं, पाण्याचे जार देणाऱ्याचं घेतलं. दहाला दोन मिनिटं कमी असताना कार्यक्रम संपला आणि सचिवांनी माझी पाठ थोपटली, गुरुजी, वेळेत बसवलंत.

रात्री खोलीवर नाना भाकरी खात होते. रागावलेले नव्हते. पाण्याचा घोट घेऊन एवढंच बोलले, "गुरुजी, मानसं तुम्ही वसरीवरनंच माघारी धाडली. मी आतल्या खोलीत बसलो व्हतो."

हे पत्र त्या वाक्यामुळं लिहितोय.

आपल्याकडं कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात घालतो, हे तुम्हाला सांगायला नको. नाममुद्रा म्हणतात तिला. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे ही तीच रीत. छापखाना नव्हता, कागद नव्हता, तेव्हा कवीची सही राहायची ती लोकांच्या तोंडात. अभंगातलं "तुका म्हणे" कापून कीर्तनकार खाली बसला असं कधी पाहिलंय? मंडळी उठून जाब विचारतील. आणि आपण आपल्याच शाहिरांची सही रोज रात्री पावणेदहाला खोडतो.

वामनदादा कर्डकांचं उदाहरण घ्या. आपल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, १५ मे २००४ ला नाशकात गेले. मोठे होईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. मुंबईत आल्यावर दुकानांवरच्या पाट्या बघत बघत वाचायला शिकलेला हा माणूस, आणि पुढं त्यानं हजारोंनी गाणी लिहिली, गावोगाव जाऊन स्वतः गायली. त्यांच्या गाण्याच्या शेवटी "वामन" येतो. ज्याला वयात येईपर्यंत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्यानं प्रत्येक गाण्याच्या तळाशी ते लिहून ठेवलं. मी मास्तर माणूस, पहिलीच्या पोरानं पाटीवर पहिल्यांदा आपलं नाव काढलं की त्याचा चेहरा कसा होतो ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. त्या पाटीवर ओला बोळा फिरवायची माझी तरी छाती झाली नसती. पण माईक हातात असला की होते, हे मे महिन्यात कळलं.

ही नावं फार लवकर सुटतात हो. "दोनच राजे इथे गाजले" हे गाणं आपल्या कुठल्या मिरवणुकीत वाजत नाही? ते प्रतापसिंग बोदडे यांनी लिहिलं, जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरचे. वामनदादांना गुरू मानणारे. २०२२ साली गेले. तुमच्या मंडळातल्या दहा पोरांना विचारा, गाणं दहाही म्हणून दाखवतील, कवी किती सांगतील बघा. पोरांचा दोष नाही. डीजेवर गाणं ध्रुवपदानं सुरू होतं, एक कडवं होतं, की लगेच दुसरं गाणं. डीजे बंद करा असं मी म्हणत नाही. तो वाद माझ्या कुवतीबाहेरचा आहे आणि माझा पुतण्याच डीजे चालवतो. पण डीजेवर शेवटच्या कडव्यापर्यंत कुणी पोचत नाही, म्हणून निदान जिवंत माणूस समोर गात असतो तेव्हा तरी पोचू या.

नाव राहिलं काय, गेलं काय, गाणं तर राहिलं ना, असं एका अध्यक्षांनी मला ऐकवलं. ऐकायला भारदस्त वाटतं. पण नावावर पोट असतं. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना सरकार मानधन देतं. पूर्वी अ, ब, क अशा श्रेण्या होत्या, २०२४ पासून सरसकट महिना ५,००० रुपये झाले. त्या अर्जाला तुम्ही कलावंत असल्याचे पुरावे जोडावे लागतात: कार्यक्रमाच्या पत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं. नानांनी त्या दुपारी मला पिशवी उलटी करून दाखवली. साठ वर्षं गातायत आणि पत्रिकांवर नाव कुठं? "व सहकलाकार". चार ठिकाणी "व संच". एका फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे, खाली पट्टीत "भीमगीतांचा बहारदार कार्यक्रम", आणि तो बहारदार कुणामुळं होणार होता त्याचा पत्ता नाही. रॉयल्टीचंही तेच. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद आली. कायदा चांगला आहे. पण वाटा द्यायचा तर आधी गीत कुणाचं ते ठाऊक पाहिजे, आणि ते ठाऊक असायची एकमेव जागा आपण कात्रीनं कापतोय.

तुमची अडचण मला कळते. जुन्या काळी दोन गायनपार्ट्यांचे मुकाबले उजाडेपर्यंत चालायचे, आता तसं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना बारापर्यंत सूट देता येते, पण ती ठरलेल्या तारखांना. आणि आपली जयंती काही एका दिवसाची नसते. १४ एप्रिलला सुरू होते आणि मे सरेपर्यंत एकेका गावाला फिरत राहते, म्हणजे गायकही मिळतो आणि पाव्हणेही. तेव्हा बहुतेक गावांना दहाचीच वेळ. नियम मोडा असं मी म्हणणार नाही. वस्तीत आजारी माणसं असतात, तान्ही लेकरं असतात.

पण सात ते दहा म्हणजे १८० मिनिटं होतात. ती कुठं जातात ते स्टेजवरून मला दिसतं, तुमच्यापेक्षा जास्त दिसतं. पाहुण्यांची वाट बघण्यात पहिला तास जातो आणि त्या तासात आपण काय करतो? "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग", आणि रेकॉर्ड लावतो. म्हणजे खुद्द कवी शाळेच्या खोलीत पंख्याखाली बसलेला असताना आपण त्याचंच गाणं दुसऱ्याच्या आवाजात स्पीकरवर वाजवतो! शाहिराला सातला बसवा. पाहुणे आले की गाण्याच्या मध्ये थांबायचं नाही. त्यांनी खाली बसून गाणं संपेपर्यंत ऐकायचं. बाबासाहेबांच्या चळवळीत गाण्या-नाट्याच्या जलशांनी काय काम केलं ते भाषणात सांगणारे पाहुणे तेवढं नक्की ऐकतील. भाषण नंतर होऊ द्या आणि दहा वाजले की कापायचं ते भाषण कापा. वक्त्याचं नाव त्याच्या शेवटच्या वाक्यात नसतं, त्याचं काही बिघडणार नाही.

वेळ कमीच पडला तर एक गाणं कमी करा, पण जे सुरू झालं ते पुरं होऊ द्या. घरी मी घड्याळ लावून बघितलं. नानांचं ते नातीचं कडवं मी माझ्या फाटक्या आवाजात गाऊन पाहिलं, सव्वा मिनिट लागतं. यादी मी तीन मिनिटं वाचली होती.

आणि ती दुपार. ती मला सगळ्यात जास्त टोचते. माझ्यासारख्या एकट्यानं ऐकायची गोष्ट नव्हती ती. गावातली आठवी-नववीची, कॉलेजातली पोरं बाहेर पारावर मोबाइल घेऊन बसली होती आणि आत एक माणूस साठ वर्षांचा हिशेब एकेका पानानं उलगडत होता. कलावंत दुपारीच येतो, येणारच, एसटीच तेव्हा असते. मग चार वाजता विहारात सतरंजी टाका, चहा ठेवा, पोरांना बसवा आणि म्हाताऱ्याला बोलू द्या. व्यासपीठ नको, हार नको. पहिलं गाणं कसं सुचलं, कुठल्या गावानं पाटलाच्या भीतीनं मध्येच पेट्रोमॅक्स विझवली, ढोलकी कुणी शिकवली. पोरांच्या हातात मोबाइल आहेतच, त्यावर रेकॉर्ड करू द्या. वहीचे फोटो मात्र कवीला विचारून काढायचे, आणि काढले तर त्यांचा एक संच त्यांच्या घरीही पोचवायचा. नानांच्या रजिस्टराला वाळवी लागायला सुरुवात झालीय. शेवटची तीस पानं कडेनं चाळणी झालीत, आणि नाव कुठं असतं ते वर सांगितलंच आहे.

बिदागीचंही बोलून घेतो, खजिनदार इथवर वाचत आले असतील तर. ती पाकिटात घालून स्टेजवर चढायच्या आधी द्या. कार्यक्रम संपला की खजिनदार सापडत नाहीत हा माझा २७ वर्षांचा अनुभव आहे. सकाळी साडेसहाच्या गाडीला उभा असलेला म्हातारा "देतील हो, चांगली मानसं हायेत" म्हणत रिकाम्या खिशानं जातो, हे मी पाहिलंय आणि त्या वेळी मीही दुसरीकडं बघितलंय.

या माणसांना स्टेज म्हणजे काय असतं ते आपण विसरतो. लोकशाहीर विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरात नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. वय ७९ होतं, घरी आराम करा म्हणणारे असतीलच. नाना ७८ चे आहेत, गुडघ्याला पट्टा बांधून येतात. त्यांना एका रात्रीत तीन गाणी मिळतात, तीही अडीच करून.

मी नानांकडं परत गेलो होतो, पावसाळ्यात. माफी मागायची होती, पण ते राहिलंच. त्यांनी चहा केला आणि मला पेटी काढायला लावली. नात ट्रेनिंगला गेली होती. तिनं ते गाणं पूर्ण ऐकलंय का विचारलं, तर म्हणाले, फोनवर ऐकवलं, पण रेंज गेली. कुठल्या कडव्याला गेली ते मी विचारलं नाही.

येत्या एप्रिलमध्ये चार समित्यांनी मला निवेदनाला बोलावलंय. चौघांनाही मी हेच सांगितलं आहे, इथं सगळ्यांसाठी लिहितो. कवी, गायक आणि साथीदार यांची नावं पत्रिकेवर नसतील तर मी येणार नाही. प्रत्येक गाण्याआधी कवीचं नाव मी घेणार, देणगीदारांची यादी वाचायची की नाही ते त्यानंतर बघू. गाणं चालू असताना मला चिठ्ठी पाठवू नका. पाठवलीत तर गाणं संपल्यावर ती माईकवरून जशीच्या तशी वाचून दाखवीन, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव नसेल तर अक्षरावरून ओळखीन. तुमच्यातले निम्मे माझ्याच वर्गात होते.

तुमचा,
एक निवेदक